राजीनाम्याआधी आठ तुकडे

चि.,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून जलरंग शिकायचे म्हणतेस. राजीनाम्याचा मसुदा राहू दे तसाच. आधी कागद आण. 300 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन 300 ग्रॅम, जाडसर), कोल्ड प्रेस्ड म्हणजे किंचित खरखरीत पोताचा, 22 बाय 30 इंची. त्याचे साडेसात बाय अकराचे आठ तुकडे होतात. आठवड्याला दोन, म्हणजे महिना निघाला. रंग चारच: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि एखादा लाल. पहिल्या दोघांतून छान करडा निघतो, काळी ट्यूब लागत नाही. गोल ब्रश 8 आणि 12 नंबरचे. चोवीस रंगांची पेटी म्हणजे पगाराच्या दिवशीची हौस. त्यात अर्धे रंग सुकून जातात.

बसायचं सकाळी, चाळीस मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. रात्रीचा शेवटचा कॉल संपेपर्यंत डोळ्यांत काही उरत नाही. आणि रविवारी चार तास बसून भरपाई करू म्हणशील, तर होत नाही. पाच दिवसांत हात पुन्हा आखडतो.

पहिले सहा आठवडे एकाच रंगात पाच छटा. कागद चारी बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डवर चिकटव, बोर्डची वरची कड दोन बोटं उचल. वरून खाली आडवे पट्टे दे, खालच्या काठाशी साचलेलं पाणी पुढच्या पट्ट्यात ओढत ने. ऑफिसची सवय आडवी येते ती इथे: चूक दिसली की लगेच दुरुस्ती! अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये, म्हणजे पसरलेल्या पातळ रंगाच्या थरात, पाणीदार ब्रश घातलास की ते पाणी रंगाचे कण बाजूला ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. घासलंस तर कागदाचा पोतच उखडतो. म्हणून पूर्ण वाळेपर्यंत थांब. हाताची मागची बाजू कागदाला हलकेच टेकव. गार लागला तर आत ओल आहे. पुण्यात मे महिन्यात काही मिनिटांत काम होतं. जुलैत चहा करून, पिऊन, कप विसळून ये. रंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा ओला असताना जरा गडदच वाटायला हवा.

आता पैसे. तीन महिने सगळा खर्च लिही. पुढचे तीन महिने, नोकरी सोडल्यावर जेवढे हाती येतील असं वाटतं तेवढ्यातच राहा. उरलेले वेगळ्या खात्यात टाक. बाहेरचं जेवण, कॅब हे थकव्याचे खर्च, काम हलकं झालं की घटतात. कर्जाचा हप्ता घटत नाही, म्हणून नवीन हप्ता आत्ता नकोच. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढ: पहिले 30 दिवस अपघात सोडून बाकी आजारांना संरक्षण नसतं, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

बी.एफ.ए., म्हणजे कलेचा पदवी अभ्यासक्रम, चार वर्षांचा, पूर्णवेळ. नोकरी सांभाळून झेपायचा नाही. तो विचार आठ तुकडे तीनदा संपल्यावर.

पहिले आठ पाठव. निवडू नकोस, डागाळलेलेही हवेत. प्रत्येकामागे तारीख आणि किती मिनिटं थांबलीस ते लिही.