सई, आपल्या नाल्याबद्दल

प्रिय सई,

कानबाई देवीच्या विसर्जनाला नाल्यात थेंब नव्हता. तात्याकाकांनी तिथेच टिपाड ठेवून टँकरचं पाणी भरलं, तेव्हा तू विचारलंस, "आई, पाणी टँकरचंच आहे तर घरीच का नाही करायचं? कोरड्या खड्ड्याच्या पाया का पडतेस?" सगळ्या काकू ऐकत होत्या. मला लागलं ते. म्हणून आता लिहितेय.

नाना सांगायचे, आपला नाला कान नदीला मिळतो, कान पांझरेला, पांझरा मुडावदला तापीत जाते आणि तापी सुरतेपाशी समुद्रात. मला तेव्हा आपलं गाव फार मोठं वाटायचं. वर डोंगरात पाऊस झाला की इकडे ऊन असतानाच पोरं ओरडत यायची, "पूर उना, पूर उना!" आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गौराई बोळवायला जायचो, तेव्हा पलीकडच्या गावच्या मुली त्या काठावर आणि आम्ही ह्या. मनसोक्त शिव्या द्यायच्या एकमेकींना. त्या दिवशी कुणी रागवायचं नाही.

चैत्रात नाला आटला की मोठी माय वाळूत झिरा उकरायची. हातभर खाली ओल लागायची, मग गढूळ पाणी साचायचं. ते उपसून फेकायचं, पुन्हा साचू द्यायचं, असं करता करता नितळ यायचं. मग करवंटीने हंडा भरायचा, तळाची वाळू न हलवता. माझा हात लहान म्हणून ते काम माझं. आपल्या भागात खाली काळा पाषाण, त्यात पाणी फारसं मुरत नाही. जे राहायचं ते त्या वाळूत.

ती वाळूच ट्रॅक्टर भरभरून गेली. वर बोअर झाले. तेव्हा गावात कुणी बोललं नाही, आणि श्रावणात त्याच नाल्याला हळदकुंकू वाहायचं. हे मलाही खटकतं, तुझ्याइतकंच. आणि ह्याच पांझरेवर शेकडो वर्षं फड पद्धत चालली. बंधाऱ्याचं पाणी पाटाने यायचं, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी सोडायचं ते पाटकऱ्यानेच. मालक कितीही मोठा असला तरी त्याने पाटाला हात लावायचा नाही. पाण्याचा एवढा विचार केलेली माणसं आपलीच ना?

तरी मी वाकले. टिपाडातल्या पाण्यासाठी नाही गं, त्या जागेसाठी. तू वाकावंस असं माझं म्हणणं नाही, नव्हतंही.

शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकर ह्या भूवैज्ञानिकांनी नाले रुंद आणि खोल करून पाणी जिरवलं, विहिरींना पाणी आलं. आपली जमीन वेगळी, तिथलं जसंच्या तसं इथे चालेल असं नाही. पण तात्याकाकांना फोन करशील तेव्हा विचार, निदान एक बंधारा घालायला गाव तयार होईल का. मी विचारलं की ते विषय बदलतात. तुला नाही म्हणणार नाहीत.

तुझी आई