वाचकांचे प्रश्न : साक्षीदार निघाला तोही शत्रूचाच

प्रश्न : 1965 च्या युद्धात गेलेल्या स्क्वाड्रन लीडर देवय्या यांना महावीर चक्र मिळालं ते 1988 ला, असं वाचलं. 23 वर्षं सरकार झोपलं होतं का हो?

उत्तर : तुमचा राग कळतो, पण इथे नुसतं सरकारला शिव्या घालून भागणार नाही, कारण देवय्यांनी नेमकं काय केलं हे आपल्याकडे कुणाला माहीतच नव्हतं. 7 सप्टेंबर 1965 ला पहाटे आदमपूरहून टायगर्स, म्हणजे एक नंबर स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं पाकिस्तानातल्या सरगोधा तळावर हल्ल्याला निघाली. अज्जमाडा बोपय्या देवय्या, कूर्गचा माणूस, मूळचे इन्स्ट्रक्टर, त्या दिवशी स्टँडबाय होते, कुणाचं विमान बिघडलं तर जायचं एवढंच काम, आणि शेवटी गेलेच. हल्ला करून सगळे जमिनीला चिकटून परत फिरले, उजेड धड नाही, इंधन मोजकं, मागे वळून बघायला सवड कुणाला? आदमपूरला आल्यावर मोजणी झाली तर देवय्या नाहीत. बेपत्ता म्हणून नोंद झाली आणि पुढे मृत धरलं गेलं. मेडलसाठी कुणीतरी पाहिलेलं लागतं, आणि पाहणारा होता तो पलीकडचा पायलट!

1979 मध्ये एका ब्रिटिश लेखकाचं या हवाई युद्धावर पुस्तक आलं, तेही पाकिस्तानी हवाई दलाच्या मदतीने लिहिलेलं. त्यात होतं की पाकिस्तानी फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेनचं स्टारफायटर हे लढाऊ विमान एका मिस्टेअरनेच पाडलं, अमजद पॅराशूटने वाचला. मग आपल्या हवाई दलाने जुळवाजुळव केली, त्या हल्ल्यातून न परतलेला मिस्टेअरवाला एकच, देवय्या. शत्रूने पुस्तकात कबूल केलं म्हणून मेडल, असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. माझी तक्रार फक्त एक, पुस्तक आल्यावर पण नऊ वर्षं का लागली?

प्रश्न : पण स्टारफायटर तर आवाजाच्या दुप्पट वेगाचं ना? मिस्टेअरसारख्या जुन्या विमानाने ते पडलंच कसं, की आपलं उगाच कौतुक?

उत्तर : कौतुक उगाच नाही. दुप्पट वेग उंचावर सरळ पळताना, खाली झाडांच्या उंचीवर वळणावळणाची झटापट सुरू झाली की तो वेग काही कामाचा नाही. स्टारफायटरचे पंख एवढेसे, त्यामुळे ते पटकन वळत नाही, मिस्टेअर हळू असलं तरी वळतं बरं. अमजदने गोळ्या मारल्या, मिस्टेअरला लागल्यासुद्धा, त्याला वाटलं हे संपलं. ते संपलेलं नव्हतं, देवय्या उलटे भिडले आणि त्यालाच पाडलं. खरं सांगायचं तर शहाणा पायलट अशा वेळी घराकडे पळाला असता आणि त्याला कुणी नावंही ठेवली नसती.

प्रश्न : महावीर मोठं की परमवीर? हवाई दलात परमवीर कुणाला?

उत्तर : आधी परमवीर, मग महावीर, मग वीर चक्र. हवाई दलात परमवीर एकच, निर्मलजित सिंग सेखों, 14 डिसेंबर 1971, श्रीनगर. रनवेवर बॉम्ब पडत असताना नॅट विमान घेऊन एकटेच सहा सेबर जेटना भिडले. त्यांच्यावर पुढे सविस्तर लिहिन.

प्रश्न : देवय्यांचा मृतदेह परत आणला का?

उत्तर : नाही. तिकडच्या गावकऱ्यांनीच पुरलं त्यांना.