पहिलं टूल निवडताना

एखाद्या मजकुरात कोणते शब्द किती वेळा येतात हे संगणकाने तपासायचं असेल, तर दहा साइट्स एकदम उघडू नका. व्हॉयंट टूल्स या मजकूर तपासणाऱ्या वेबसाइटपासून सुरुवात करा. खातं लागत नाही, मजकूर पेस्ट केला की कोणता शब्द किती वेळा आलाय ते लगेच दिसतं. नवखे अडखळतात ते इथे:

- मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं तसा. जुन्या फॉन्टमधला असेल तर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं येतील.
- यादीत वर ‘आणि’, ‘आहे’, ‘हा’ यांचीच गर्दी असेल. ते शब्द वगळायच्या यादीत टाका. खरी मेख पुढे आहे: ‘घर’, ‘घरात’, ‘घराला’ हे तीन वेगळे शब्द म्हणून मोजले जातात. म्हणून शोधताना ‘घर*’ लिहा. त्यात ‘घराणं’ आणि ‘घरटं’ही येतील, तेव्हा संदर्भ वाचून बघाच.
- खासगी मजकूर पेस्ट करू नका, तो बहुतेकदा दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो.

मजकूर तयार करायला चॅटबॉट जरूर वापरा, पण त्याने दिलेल्या सनावळ्या आणि अवतरणं तपासून घ्या. शब्द मोजायचं काम तर त्याच्यावर टाकूच नका, तो अनेकदा चुकीचा आकडाही ठामपणे सांगतो.

आलेखांच्या नादी सध्या लागू नका. स्वतःचाच एखादा लेख घेऊन बसा. निकालात गडबड असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल.