सुटलं, तर कसं सुटलं ते लिही

प्रिय,

तुझा मेल दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना राग आला, आणि रागात मी धड लिहीत नाही, म्हणून एक दिवस जाऊ दिला.

'ताई, मी दिवसभर नेटवर असतो आणि तिथे माझं असं काहीच नाही,' असं तू म्हणतोस. प्रतिसाद टाइप करतोस, पूर्वपरीक्षण बघतोस आणि खोडतोस. सगळं कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय, तेही तुझ्याहून बरं. मग सगळी अकाउंट बंद करून मोकळा होऊ का, हा तुझा प्रश्न.

अकाउंट ठेव नाहीतर बंद कर, मला त्यात फारसा रस नाही. मला खुपलं ते तू ओघात लिहून गेलास ते. लॅपटॉप झोपेतून उठला की ब्लूटूथ हेडफोन जोडलेच जात नव्हते आणि तू त्यामागे हैराण झाला होतास. शोधता शोधता एका चर्चेच्या संकेतस्थळावर एक जुना धागा सापडला. वर प्रश्न, अगदी तुझाच. खाली 'मलाही हाच त्रास', '+१', 'काही उपाय मिळाला का?' अशी रांग. आणि शेवटी खुद्द धागाकर्त्याचा प्रतिसाद: 'सुटलं! धन्यवाद.' बास. कसं सुटलं, त्याबद्दल एक अक्षर नाही. त्या माणसावर तू मेलमध्ये अख्खा परिच्छेद चिडला आहेस, आणि चिडण्यासारखंच आहे ते.

मग तू स्वतःच खटपट केलीस. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ब्लूटूथ अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडल्यास, तिथे पॉवर मॅनेजमेंटचा टॅब, आणि वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची मुभा कॉम्प्युटरला देणारी ती टिक काढून टाकलीस. त्रास गेला.

त्यानंतर तू त्या धाग्यावर परत गेलास का?

मी शोधून काढला तो धागा. शेवटचा प्रतिसाद अजून तोच आहे. म्हणजे ज्याच्यावर तू एवढा चिडलास, त्याने निदान 'धन्यवाद' तरी म्हटलं होतं. आणि वर मलाच विचारतोस, 'लिहिण्यासारखं माझ्याकडे काय आहे?' अरे, ते हातात घेऊन तर बसला आहेस!

माझं सांगणं एवढंच आहे, आणि या पत्रात ते पुन्हा पुन्हा येईल, कंटाळलास तरी येईल: जिथून घेतलंस तिथे परत जा. काम झालं तर कसं झालं ते लिही. नाही झालं तर काय काय करून पाहिलं आणि कशाने फरक पडला नाही, ते लिही. दुसरी यादी पहिलीइतकीच कामाची असते. तुझ्या मागून येणाऱ्याच्या चार फेऱ्या वाचतात.

'सगळं लिहून झालंय' हे तुला वाटतं, कारण तू कायम शोधाच्या शेवटाला पोचलेल्या गोष्टी वाचतोस. शोधून न मिळालेलं दिसत नाही ना! आणि आपल्या भाषेत शोधून बघ एकदा. इंग्रजीत ज्या प्रश्नाला ढीगभर उत्तरं सापडतात, त्याच प्रश्नाला मराठीत कित्येकदा एकही नसतं. तिथे तुझ्या साध्या चार ओळी पहिल्याच ठरतील.

तू एकटाच वाचनमात्र आहेस असं समजू नकोस. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी 2006 मध्ये एक ढोबळ नियम मांडला होता: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि उरलेला एक बहुतेक सगळं लिहितो. आकडे जागेनुसार हलतात, पण चित्र ओळखीचं आहे. मी तुला त्या एकात जा म्हणत नाही. रोज उठून मत मांडणारे पुष्कळ आहेत, त्यात भर नको. नऊजणांत ये, तेवढं पुरे.

मुळात ही वाचणाऱ्यांची आणि लिहिणाऱ्यांची फाळणी वेबच्या जन्माच्या वेळी नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी 1990 मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, त्यात पान वाचताही यायचं आणि संपादितही करता यायचं, एकाच खिडकीत. पुढे 1993 मध्ये लोकांच्या हातात पोचला तो मोझेक नावाचा ब्राउझर, आणि तो मुख्यतः दाखवायचं काम करायचा. लिहिणं मागे पडलं, मग फॉर्मच्या चौकटीतून आणि 'सबमिट'च्या बटणातून हळूहळू परत आलं. 1995 मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी सुरू केली, आलेल्या कुणीही पान बदलावं अशी. आज तू ज्या रिकाम्या चौकटीसमोर बसून अक्षरं खोडतोस, ती अशी झगडून मिळालेली आहे. तिचा एवढा धसका कशाला?

तू म्हणशील, मी लाइक तर करतो. हो, करतोस. फेसबुकवर ते बटण फेब्रुवारी 2009 मध्ये आलं, आणि त्याआधी 'छान' म्हणायलासुद्धा निदान अक्षरं टाइप करावी लागायची. लाइक टाकून तू आलास हे कळतं, पण तुझं काम झालं की नाही हे कुणालाच कळत नाही. त्या हेडफोनच्या धाग्यावरच्या प्रश्नालाही लाइक आहेत. त्यांचं मागाहून आलेल्याने करायचं काय?

परत जाणं म्हणजे नुसते तांत्रिक धागे नव्हेत. वस्तू घेतलीस, दुसऱ्या दिवशी पाच तारे दिलेस. बरं झालं, पण दुसऱ्या दिवशी तुला काय कळलं होतं? सहा महिन्यांनी बिजागरी सैल होते, बॅटरी दम तोडते, किंवा वस्तू खरंच टिकते. बहुतेक ठिकाणी आपलाच रिव्ह्यू उघडून बदलता येतो. परत जा, वर तारीख घाल, खाली खरं काय ते लिही. जुनं मत पुसू नकोस, त्याखाली भर घाल. दोन्ही वाचणाऱ्याच्या कामाचं असतं.

आणि फॉरवर्ड. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे तुझ्यासारखी समंजस मुलंही हात झटकतात. व्हॉट्सअ‍ॅपने एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल 2020 मध्ये खूप फिरलेले निरोप एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतील असं केलं. पुढे जाणाऱ्या निरोपाला असा लगाम घालता येतो. मागे फिरवायचं बटण मात्र कुठेच नाही. म्हणजे, 'सगळ्यांसाठी डिलीट' आहे, पण ते थोडा काळच चालतं आणि त्याने निरोप पुसला जातो, वाचलेलं पुसलं जात नाही. आपण पाठवलेलं खोटं निघालं की तू काय करतोस? गप्प बसतोस आणि लोक विसरतील म्हणतोस. लोक विसरत नाहीत रे, ते पुढे पाठवतात. त्याच ग्रुपवर परत जा, त्याच निरोपाला उत्तर म्हणून लिही: 'हे मी पाठवलं होतं, हे चुकीचं आहे, खरं असं आहे.' एवढं. माफीचं भारूड नको. पहिल्यांदा मान खाली जाते. दुसऱ्यांदा लोक तुझ्या निरोपांवर जरा जास्त विश्वास ठेवायला लागलेले असतात, हे मी पाहिलंय.

विकिपीडियावर एक चुकलेली वेलांटी दिसली तर 'संपादन' दाब आणि सुधार. इतिहासाच्या टॅबमध्ये तुझी ती एक वेलांटीसुद्धा नोंदली जाते, आणि तुझं चुकलं तर कुणीही ती फिरवू शकतं, त्यामुळे जग बुडत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर नोट टाकायची सोय आहे, 'हा रस्ता आता बंद आहे' एवढी. या गोष्टींना दोन मिनिटं लागतात. यावर भाषण देत नाही.

आता तुला माझा हट्ट कुठून आला ते सांगते.

आम्ही लिहायला लागलो तेव्हा मराठी फॉन्टची तऱ्हा वेगळी होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसता कचरा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीत, देवनागरी 1991 पासून आहे, पण आमच्या हाती ती पोचायला बराच काळ गेला, आणि तोवर माझं बरंच लेखन त्या जुन्या फॉन्टमध्ये अडकलं होतं. रूपांतर करून देणारी साधनं होती, पण माझ्या फॉन्टला ती चालेनात. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जायची, रफार उडून दुसरीकडे बसायचा.

एका चर्चेच्या जागी मी प्रश्न टाकला. एका अनोळखी माणसाने उत्तर दिलं. त्याने नीट समजावलं होतं: जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचं उलटं, जुन्यात नंतर आणि युनिकोडमध्ये आधी. म्हणून आकार बदलून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो, आणि जोडाक्षर असेल तर अख्ख्या जोडाक्षराला वळसा घालून. सोबत कुठलं चिन्ह कशाच्या जागी, त्याचा भलामोठा तक्ता. मी एकेक फाइल घेऊन बसले. काम संपायला फार दिवस लागले. सगळं संपल्यावर, शेवटच्या फाइलसकट जमलं हे सांगायला गेले, तर ती जागाच बंद झालेली. उत्तर गेलं, तक्ता गेला. त्याचं टोपणनाव तेवढं मला आठवतं. माझं सगळं जुनं लेखन त्याच्या त्या उत्तरामुळे वाचलं, आणि हे त्याला माहीत नाही. हे मला अजून टोचतं.

जागा बंद होतात, हे गृहीत धर. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधनसंस्थेने 2024 मध्ये मोजून सांगितलं की 2013 मध्ये असलेल्या वेबपानांपैकी 38 टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणून 'उत्तर इथे मिळालं' म्हणून नुसती लिंक चिकटवू नकोस. लिंक दे, आणि खाली उत्तराचं सार स्वतःच्या शब्दांत लिही. पान फारच मोलाचं असेल तर वेबॅक मशीनमध्ये त्याची प्रत साठवून ठेव, तिथे पत्ता टाकून बहुतेक जाहीर पानं जमा करायची सोय आहे. आणि परत जायचं तर लवकर जा.

लोक मला हसतात, तुलाही ठाऊक आहे. 'बुजलेल्या धाग्यांवर लिहीत बसते.' 'कंपन्यांसाठी फुकट राबते.' दुसऱ्या टोमण्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, आणि तू अजून विचारला नसलास तरी विचारशीलच. पण फुकट तर आपण सगळेच राबतोय. 2007 मध्ये रीकॅप्चा आलं, तेव्हा 'मी यंत्र नाही' हे सिद्ध करताना लोक जी वाकडीतिकडी अक्षरं टाइप करायचे, त्यातली काही जुन्या छापील मजकुराच्या स्कॅनमधली, यंत्राला न वाचता आलेली असायची. कित्येकांना पत्ताही नव्हता की आपण ते वाचून देतोय. ते राबणं कुणी विचारून मागितलं नव्हतं. माझं हे मी ठरवून करते. माझ्या ओळींवर कुणी जाहिराती लावेल, कुणी आणखी काही शिजवेल. असेल. पण हेडफोन हातात घेऊन रात्री बसलेल्याला त्या ओळी सापडल्या की त्याचं काम होतं, आणि ते कुणाला काढून घेता येत नाही. हसणाऱ्यांनी स्वतः किती उत्तरं कुठून घेतली, हे मात्र मी त्यांना विचारते. गप्प होतात.

असो. मुद्द्यावर येते.

आज त्या धाग्यावर जा. 'धागा जुना आहे, वर काढल्याबद्दल लोक ओरडतील' असं मनात येईल. नुसतं '+१' टाकून वर काढलास तर ओरडतीलच. उत्तर घेऊन गेलास तर कुणी ओरडणार नाही, आणि ओरडलं तर ओरडू दे. शोधात अजून तोच धागा वर येतो, म्हणून तर तुला सापडला. कुलूप लावलं असेल तर नवा काढ आणि त्यात जुन्याचा पत्ता दे. भाषेची चिंता सोड. साधारण असं लिही: 'माझ्याकडे हाच त्रास होता. ड्रायव्हर पुन्हा टाकून पाहिला, फरक नाही. हेडफोन काढून पुन्हा जोडले की तात्पुरतं चालायचं. शेवटी डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढली, तेव्हापासून ठीक आहे.' वर विंडोजची आवृत्ती आणि तारीख घाल. झाला प्रतिसाद. पूर्वपरीक्षण एकदाच बघायचं. दुसऱ्यांदा बघितलंस की तू खोडणार, मी ओळखून आहे तुला.

तुझी,
ताई

ता. क. एररचा मजकूर असेल तर तो टाइप कर, नुसता स्क्रीनशॉट लावू नकोस. अडकलेला माणूस एररची ओळच शोधात टाकतो. आणि स्क्रीनशॉट लावलासच तर कोपऱ्यात दिसणारा तुझा ईमेल पत्ता आधी झाकून घे.