स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये आपण लग्नच केलं नाही, तर गावातल्या सॅम-पेनीसारख्या जोड्या आपोआप जमतात का?

नाही जमत.

तुम्ही लिहिलंय की तिसरं वर्ष चालू आहे, मुद्दामच कोणाला पुष्पगुच्छ (म्हणजे गेममधली प्रेमाची कबुली) दिलेला नाही आणि सॅम-पेनीचं एकदाचं जमेल म्हणून वाट बघताय. तिसऱ्या वर्षी नाही, तेराव्या वर्षीही नाही. पेलिकन टाऊन या गेममधल्या गावात सहा मुलगे आणि सहा मुली अशी बारा लग्नाळू मंडळी आहेत. त्यातल्या एकाचा किंवा एकीचा हात तुम्ही धरलात तर तेवढं लग्न होतं. उरलेले अकरा जन्मभर तसेच.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग होता, "कोणाचं जमू शकलं असतं?" त्यावर आमच्या घरी २०२० मध्ये चांगले दोन महिने खल चालला होता, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

माझी आई बडोद्यात मराठी मुलामुलींची लग्नं जमवते. संस्था वगैरे काही नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात एक कपाट आणि कपाटात वह्या. डाव्या पानावर मुली, उजव्या पानावर मुलगे. नाव, शिक्षण, उंची, गोत्र, नोकरी, आणि "पुण्याला जायची तयारी आहे का" (हा रकाना हल्ली गोत्रापेक्षा महत्त्वाचा झालाय). लॉकडाऊन लागला आणि तिचा फोन वाजायचा बंद झाला. ठरलेली लग्नं पुढे गेली, नवी स्थळं येईनात. दुपारी ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहायला लागली. मी गेममध्ये वांगी लावत असायची.

"ही कोण गं, पुस्तक घेऊन झाडाखाली बसलेली?"

"पेनी."

"काय करते?"

"गावातल्या दोन मुलांना शिकवते."

"घरी कोण कोण?"

"आई आहे. बस चालवायची, ती बस बंद पडलीय. ट्रेलरमध्ये राहतात. आई पिते."

"पिते?" आईनं खुर्ची ओढली. "हे मुलाकडच्यांना आधी सांगायचं. नंतर कळलं की मोडतं."

त्या संध्याकाळी तिनं वहीचं शेवटचं पान उघडून गावातली सगळी नावं लिहून काढली. पेन्सिलनं. पक्कं झाल्याशिवाय ती पेनला हात लावत नाही.

सॅम-पेनीची जोडी तिच्या मते गावातली सगळ्यात सरळ. सॅमचा धाकटा भाऊ व्हिन्सेंट पेनीकडेच शिकायला जातो, म्हणजे जाणं-येणं आहे. मुलीचा स्वभाव सासरच्यांना आधीच ठाऊक. सॅमचे वडील केंट युद्धावर असतात, दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला घरी येतात, तेव्हा बोलणी त्यानंतर करायची. मुलगा गिटार वाजवतो हे तिनं "छंद" या रकान्यात टाकलं, "व्यवसाय"मध्ये नाही. पेनीच्या आईच्या, पामच्या दारूचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाली, "गाव केवढंसं! त्यांना काय आज कळणार आहे?"

आता तुम्हाला ही जोडी जमेलसं वाटलं कशामुळे, तर बहुतेक फ्लॉवर डान्समुळे. वसंताच्या २४ तारखेला रानातल्या मोकळ्या जागेत मुली पांढऱ्या झग्यात आणि मुलगे निळ्या सुटात समोरासमोर उभे राहतात, आणि जोड्या ठरलेल्या असतात. सॅम-पेनी, सेबॅस्टियन-ॲबिगेल, ॲलेक्स-हेली, एलियट-लिया, हार्वी-मारू, शेन-एमिली. आपल्याला नाचायचं तर त्या व्यक्तीशी निदान चार बदाम (गेममध्ये मैत्री बदामांत मोजतात) झालेले हवेत, आणि पहिल्या वसंतात तेवढे झालेले नसतात, म्हणून पहिल्या वर्षी बहुतेक सगळे कडेला उभे राहून बघतात. आईनं तो नाच बघितला आणि म्हणाली, "हे तर गरब्यासारखंच." बडोद्यातल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको. नऊ रात्री कोण कोणाच्या गोलात खेळतं यावर इथे अर्ध्या गावाचं लक्ष असतं, आणि दसऱ्यानंतर आईकडे येणाऱ्या काही फोनांची सुरुवात "तसं ठरल्यासारखंच आहे, फक्त तुम्ही मध्ये पडा" अशी असते.

गंमत म्हणजे हे नुसतं आपल्या मनातलं नाही. १९ मार्च २०२४ ला आलेल्या १.६ आवृत्तीत पात्रांची माहिती ज्या फाइलमध्ये आहे, तिथे काही पात्रांच्या नावाखाली "लव्ह इंटरेस्ट" अशी चक्क एक ओळ आहे आणि तिच्यापुढे दुसऱ्या पात्राचं नाव. मी हरखून पुढे वाचलं, तर त्या ओळीचा उपयोग काय? फ्लॉवर डान्सला कोणी कोणासमोर उभं राहायचं, एवढाच. आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पत्रिका जुळलीय, मुहूर्तच काढलेला नाही."

बाकीच्या जोड्यांबद्दल तिची मतं एकेका वाक्याची होती. लिया मूर्तिकार, एलियट लेखक, "दोघांचंही उत्पन्न अनियमित, किराणा कोण भरणार?" सेबॅस्टियन आणि ॲबिगेल शुक्रवारी रात्री सलूनमध्ये (म्हणजे गावातल्या दारूच्या गुत्त्यात) सॅमबरोबर असतात, "यांचं घरच्यांना न सांगता सुरू आहे, आपण मध्ये पडायचं नाही." ॲलेक्स-हेलीकडे तिनं लक्षच दिलं नाही. मलाही त्या दोघांत काही दिसलं नाही; देखणा मुलगा आणि देखणी मुलगी शेजारी उभी केली, एवढंच.

हार्वी-मारूवरून मात्र आमचं वाजलं. मी त्यांच्या बाजूची. तो डॉक्टर, ती मंगळवारी आणि गुरुवारी त्याच्या दवाखान्यात मदतीला जाते, घरी यंत्रं बनवते. त्याला एकेकाळी वैमानिक व्हायचं होतं आणि डोळ्यांनी घात केला. एक हुशार, दुसरा जरा खचलेला, दोघांना एकमेकांशी बोलायला विषय आहेत. आई म्हणाली, "ती त्याच्या हाताखाली काम करते ना? मग तिला नाही म्हणायची सोय कुठे राहिली? आधी नोकरी दुसरीकडे बघू दे, मग विचारू." मी गप्प बसले. इतकी वर्षं वह्या भरणाऱ्या बाईला उगाच लोक फोन करत नाहीत.

गावात खरोखर चालू असलेलं प्रकरण एकच आहे, आणि ते या बारा जणांतलं नाही. महापौर लुइस आणि मार्नी. लुइसची जांभळी चड्डी हरवते, ती शोधायचं काम तो आपल्यालाच देतो, आणि ती सापडते मार्नीच्या झोपायच्या खोलीत. (तिच्या खोलीत जायला तिच्याशी दोन बदामांची ओळख लागते.) तीच चड्डी शरदातल्या जत्रेत आपल्या मांडणीत ठेवली, तर तोंड बंद ठेवायचे म्हणून तो ७५० टोकन देतो. इथपर्यंत हसू येतं. पण एका रात्रीचा प्रसंग आहे: मार्नीला हे लोकांना सांगून टाकायचंय आणि लुइसला आपल्या पदाची काळजी पडलीय. आई हसत होती ती तिथे थांबली. "याला लफडं म्हणू नकोस. बाई तयार आहे, बुवा भित्रा आहे." तिच्या वह्यांत अशी दुसऱ्या लग्नाची स्थळंही असतात, ती ती वेगळ्या कप्प्यात ठेवते.

आणि क्लिंट. गावचा लोहार. दिवसभर आपली कुदळ आणि कुऱ्हाड सुधारून देतो आणि संध्याकाळी सलूनमध्ये जाऊन बसतो, कारण तिथे एमिली काम करते. तिच्याशी बोलायचं कसं, हे त्याला ठाऊक नाही. तो लग्नाळूंच्या यादीतही नाही. हा गेम २६ फेब्रुवारी २०१६ ला आला, तेव्हा एमिलीही त्या यादीत नव्हती, शेनही नव्हता. मुली पाच, मुलगे पाच. ऑक्टोबर २०१६ मध्ये १.१ आवृत्ती आली आणि हे दोघे यादीत गेले. म्हणजे सुरुवातीचे सात-आठ महिने क्लिंटच्या वाटेत त्याच्या स्वतःशिवाय कोणीच उभं नव्हतं! आता एमिलीसाठी सगळ्या जगभरचे शेतकरी कापड आणि रत्नं घेऊन येतात आणि नाचाला ती शेनसमोर उभी असते. आईनं क्लिंटला दोन संध्याकाळी नीट निरखलं आणि बडोद्याच्या पद्धतीनं निकाल दिला, "छोकरो सारो छे, पण बोलतो नथी." वहीत त्याचं नाव उजव्या पानावर आहे. डावीकडची ओळ कोरी.

आता, स्टारड्यूत इतरांची लग्नं होत नाहीत, हे असं का? माझ्या डोक्यात याची तुलना हार्वेस्ट मून या शेतीच्याच जुन्या गेम-मालिकेशी होते, जिच्या वेडातून एरिक बॅरोननं स्टारड्यू एकट्यानं बनवला. माझ्या मामेभावाकडे गेमबॉय ॲडव्हान्स होता आणि त्यात २००३ चा 'फ्रेंड्स ऑफ मिनरल टाऊन'. सुट्टीत तो आला की आम्ही आळीपाळीनं खेळायचो. त्या गावात तुमच्या शिवाय दुसरे मुलगेही होते आणि ते थांबत नसत. ग्रंथालयातली मेरी आणि लोहाराचा नातू ग्रे, दवाखान्यातली एली आणि तिथला डॉक्टर, कोंबड्या पाळणारा रिक आणि सुपरमार्केटची कॅरेन, खाणावळीतली ॲन आणि तिथेच मुक्कामाला असलेला क्लिफ. रिकची बहीण पॉपुरी हिला आवडायचा काई नावाचा मुलगा, जो फक्त उन्हाळ्यात गावात येतो आणि ज्याला तिचा भाऊ पाण्यात बघतो. यांचे ठरलेले प्रसंग घडत जायचे आणि एक दिवस लग्न. मुलगी गेली ती गेली.

त्यातला क्लिफचा भाग मला आजही आवडतो. शरदात द्राक्षांच्या मळ्यात मदतीला माणूस हवा असतो. तुम्ही क्लिफला बरोबर नेलंत तर त्याला तिथे काम मिळतं आणि तो गावात टिकतो. नाही नेलंत तर तो गाव सोडून जातो. म्हणजे ॲनशी तुम्हाला लग्न करायचं असेल तर प्रतिस्पर्ध्याला बेकार ठेवणं फायद्याचं! बारा वर्षांच्या वयात मी हा हिशोब केला होता आणि क्लिफला नेला होता, कारण तो देवळात एकटा बसलेला बघवत नसे.

आणि बघा, तिथल्या लोहाराच्या नातवाचं लग्न झालं. इथला लोहार अजून बसलाय.

पुढे २००७ आणि २००८ मध्ये याच मालिकेत 'ट्री ऑफ ट्रँक्विलिटी' आणि 'ॲनिमल परेड' आले, त्यात तर अशा जोड्यांना मुलंही होतात. नंतर मात्र वारं फिरलं. मिनरल टाऊनचीच २०१९ मध्ये नवी आवृत्ती निघाली, तिच्यात इतरांची लग्नं काढून टाकली. का, ते समजण्यासारखं आहे. तीन वर्षं जिला भेटी देताय ती एका सकाळी दुसऱ्याच्या घरात दिसली तर खेळणारा चिडतो. शिवाय स्टारड्यूत प्रत्येक पात्राचं वेळापत्रक आहे: कोणत्या वारी, कोणत्या ऋतूत, पाऊस असेल तर कुठे, किती वाजता. मारूचं हार्वीशी लग्न लावायचं, तर दोघांची वेळापत्रकं, तिचं घर, तिच्या वडिलांची वाक्यं, आईची वाक्यं, सावत्र भाऊ सेबॅस्टियनची वाक्यं, सगळं नव्यानं लिहायचं, आणि तेही आपण तिच्याशी लग्न केलेलं नसेल तरच दिसणार. त्यापेक्षा कोणाचं लग्नच नाही लावलं, की तुम्ही कधीही मागणी घाला, माणूस मोकळाच असतो. आठ बदामांना दोनशे नाण्यांचा पुष्पगुच्छ, दहा बदामांना समुद्रकिनारी पावसात पाच हजारांचं पदक, काम फत्ते.

मला स्वतःला मिनरल टाऊनची पद्धत आवडते. हातची मुलगी गेल्यावर वाईट वाटायचं, पण आपण शेतात असताना गावात काहीतरी चालू आहे, हेही जाणवायचं. पेलिकन टाऊन फार सुंदर आहे, पण तिथे सगळे आपल्या येण्याची वाट बघत उभे असतात. आई मात्र माझ्या विरुद्ध. तिच्या मते थांबणारी स्थळं असतील, तर त्याहून चांगलं काय?

तुम्हाला सॅम-पेनी बघायचेच असतील तर मॉड (खेळणाऱ्यांनी स्वतः गेममध्ये घातलेली भर) हा एकच मार्ग. कॉम्प्युटरवर खेळत असाल तर स्मॅपी नावाचा प्रोग्रॅम आधी टाकावा लागतो, मग पात्रांमधली जवळीक वाढवणारे संवाद आणि प्रसंग लोकांनी लिहिलेत, ते त्यावर चालतात. प्लेस्टेशनवर किंवा स्विचवर असाल तर विसरा. मॉड टाकण्यापूर्वी सेव्ह फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा. मी काढली नव्हती. अख्खा एक हिवाळा परत खेळावा लागला, आणि आई मागे उभी राहून विचारत होती की या पोरीला हे सगळं आधीच कसं माहीत.