ख्रिस्ती मिशनच्या आरोग्य प्रकल्पात जॉइन होतोयस ना, मग हे वाच

हे बघ, एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स पदवी) झालं म्हणजे लगेच ऑफिसात बसून रिपोर्ट लिहायचे असं डोक्यात असेल तर ते आधी काढून टाक. जमला तर जामखेडचा प्रकल्प बघून ये, डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेला, ख्रिस्ती सेवाभावातून उभा राहिला पण गावातल्याच कमी शिकलेल्या, बऱ्याचशा दलित बायका आरोग्य सेविका म्हणून तयार केल्या आणि बाळंतपण, कुपोषण, कुष्ठरोग सगळं त्यांनी हाताळलं.

मी नवीन असताना एका वस्तीवर जुलाबावर चार्ट लावून अर्धा तास बोललो, कोणी हललं नाही. मग सोबतच्या ताईंनी तांब्या मागवला, लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या छोट्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ टाकून आधी स्वतः प्यायल्या, मग बाळाच्या आईला चव बघायला लावली. सगळ्या बायका उठून जवळ आल्या!

आणि एक, प्रार्थनेला येणाऱ्यांना आधी औषध असं कधीच करू नकोस, कोणी वरून सांगितलं तरी. पगार कमी असतो, तेवढं घरी आधीच बोलून घे.