अस्वलांच्या जंगलात पायी जाऊन मुक्काम करण्याची आखणी कशी करावी?

यलोस्टोनसारख्या अमेरिकी उद्यानात, जिथे नळ, शौचालय वा रस्ता नाही अशा आतल्या भागात मुक्कामाची तयारी कशी करावी, असे आपण विचारले आहे. परवाना आणि नेमून दिलेली जागा आधी निश्चित करावी. पुढचा बहुतेक विचार वासाचा आहे, कारण अस्वल तंबूपाशी येते ते बहुधा अन्नाच्या वासानेच. स्वयंपाक व अन्नसाठा तंबूपासून सुमारे ३०० फूट दूर असावा आणि टूथपेस्ट, साबण, ओठांचे मलम, खाऊची रिकामी पाकिटेसुद्धा अन्नच समजून अन्नाच्याच पिशवीत घालावीत. ही पिशवी जमिनीपासून किमान १० फूट उंच आणि खोडापासून ४ फूट लांब टांगावी लागते. पण दिवसभर चालून थकल्यावर, अंधारात विजेरी तोंडात धरून, योग्य फांदीवर दोर फेकणे फार जिकिरीचे ठरते, म्हणून वजन वाढले तरी माझी पसंती घट्ट झाकणाच्या अस्वलरोधक डब्यालाच आहे. स्वयंपाक करताना घातलेले कपडे झोपताना घालू नयेत. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा सॅकच्या तळाशी नव्हे, तर कमरेच्या पट्ट्यावर, चटकन हाती येईल असा ठेवावा. कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानात जाणार असाल तर मात्र तिथे हा फवारा नेण्यास बंदी आहे आणि डबा सक्तीचा आहे.